डोक्यावरचें ऊन

आज ज्या विषयावर मी आपणांशीं चार शब्द बोलणार आहें, तो ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. साहित्य, संगीत, इतिहास असे विषय सोडून एका निवृत्त शाळामास्तरानें घराच्या छपराविषयीं बोलावें, आणि तेंही त्याला आंतून अस्तर आपल्या हातांनीं कसें लावावें याविषयीं, हें जरा विचित्रच दिसतें. परंतु एप्रिल महिन्यांत दुपारीं दोन वाजतां ज्यानें पत्र्याच्या खोलींत एक तास काढला आहे, तो हंसणार नाहीं, असा मला भरंवसा आहे.

आमच्या सातारा-सांगलीच्या मुलखांत पश्चिमेकडून पूर्वेकडे तीस-चाळीस कोस चालत गेलें, तर जुनीं छपरें पाहूनच तेथें पाऊस किती पडतो, हें सांगतां येतें. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यांतील माणदेशांत, दहिवडी-म्हसवडकडे, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. म्हणून जावळी, पाटण, शिराळा या बाजूला उतरतीं छपरें, गवताचीं नाहीं तर कौलांचीं. आणि माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला सपाट माळवदें.

माळवद म्हणजे काय, हें तरुण श्रोत्यांना सांगावयास हवें. जाड भिंतींवर तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर फळ्या अथवा काटक्या, त्यांवर पाल्याचा थर, आणि सर्वांच्या वर चोपून बसविलेली पांढरी माती. मध्यें कोठें तरी उजेडासाठीं आणि धुरासाठीं एक भोंक ठेविलेलें असे. अशा घरांत वैशाखाच्या दुपारीं पाऊल टाकलें, म्हणजे विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखें वाटे. रात्रीं तीच माती तापलेली असे. पण तोंवर घरचीं माणसें अंथरूण घेऊन माळवदावर गेलेलीं असत.

मग हें सुख आम्हीं कां सोडलें? पहिलें कारण साधें आहे. माळवदाची निगा ठेवावी लागे. दरसाल पावसाच्या तोंडाला वर नवी माती घालावी, चोपावी, पन्हळी मोकळ्या कराव्या. ज्या घरीं हातपाय हलविणारीं माणसें उरलीं नाहींत, तेथें माळवद गळूं लागलें. दुसरें कारण अधिक गंभीर आहे. १९६७ सालच्या ११ डिसेंबरला पहांटे पाटण तालुक्यांत कोयनेचा भूकंप झाला. त्यांत दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. पुढें १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहांटे लातूर जिल्ह्यांत किल्लारीला भूकंप झाला, आणि हजारों माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं. गाडणारी वस्तु कोणती होती? चिखलांत रचलेल्या दगडी भिंती आणि वर्षानुवर्षें थरावर थर चढत गेलेली डोक्यावरची माती.

या मातीच्या वजनाचा हिशेब मी एकदां वर्गांत मुलांकडून करवून घेतला होता. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोली. म्हणजे १२० चौरस फूट. तिच्यावर एक फूट जाडीचा मातीचा थर, म्हणजे १२० घनफूट माती. एका घनफुटाचें वजन सुमारें ४५ किलो धरलें, तर एकंदर ओझें ५,४०० किलो होतें. पांच टनांहून अधिक! मुलें छताकडे पाहूं लागलीं. आमच्या वर्गाला पत्रा होता. त्या दिवशीं त्यांना तो आवडला असावा.

पत्र्याचे गुण खोटे नाहींत. तो हलका, स्वस्त, दोन दिवसांत चढणारा. परंतु ज्या मातीनें भूकंपांत जीव घेतला, तिनेंच उन्हाळ्यांत तो राखला होता, हें आपण विसरलों. ओझें उतरलें, त्याबरोबर सांवलीही उतरली.

ही गोष्ट मला पुस्तकांतून कळली नाहीं, घरांत कळली. २०१९ सालच्या ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला. सांगलीस आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांवर धरतात. त्या वर्षीं पाणी ५७ फुटांवर गेलें. आमच्या घराचा खालचा मजला पाण्याखालीं होता. पाणी ओसरल्यावर आम्हीं गच्चीवर एक खोली उठविली. भिंती विटांच्या, वर लोखंडी सांगाड्यावर निळा पत्रा. माझी आई तेव्हां पंच्याऐंशीच्या पुढें होती. तिनें आपली ट्रंक वर नेली, देव वर नेले, आणि खालीं यावयाचें नांव काढीना. २०२१ सालच्या जुलैंत पुन्हां पाणी आलें, तेव्हां तिचेंच खरें ठरलें.

पुढल्या उन्हाळ्यांत एका दुपारीं ती भोंवळ येऊन पडली. डॉक्टर वर आले, नाडी पाहिली, पत्र्याकडे पाहिलें, आणि म्हणाले, "औषध देतों, पण यांचा रोग अंगांत नाहीं, डोक्यावर आहे. यांना खालीं न्या." आई कॉटवरूनच म्हणाली, "खालीं पाणी, वर आग. मग मी राहायचं तरी कुठं रे?"

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला प्रथम उष्णतेचा धडा पुन्हां वाचावा लागला. उष्णता तीन वाटांनीं प्रवास करते: वहनानें, अभिसरणानें आणि प्रारणानें. तापल्या तव्याला हात लावला कीं भाजतो, तें वहन. गरम हवा वर जाते आणि थंड हवा खालीं येते, तें अभिसरण. आणि चुलीला स्पर्श न करतां, नुसतें समोर बसूनही तोंड शेकतें, तें प्रारण. भर उन्हांत पत्रा इतका तापतो कीं त्याला हात लाववत नाहीं. म्हणजे खालीं बसलेल्या माणसाच्या डोक्यावर एक अखंड चूल पेटलेली असते. पंख्याच्या वाऱ्यानें हा शेक अडत नाहीं. पंखा तर छताजवळची तापलेली हवाच खालीं लोटीत असतो.

आतां यावर उपाय काय, हें बर्फाचा गोळा विकणारा आपणांस सांगेल. तो आपली लादी लांकडाच्या भुशांत ठेवितो आणि वर तरट गुंडाळतो. भुसा थंड असतो काय? मुळींच नाहीं. भुशाच्या कणाकणांत हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेली, न हलणारी हवा उष्णतेला सहसा वाट देत नाहीं. हिंवाळ्यांत आपली वाकळ जी ऊब राखते, तीही याच कारणानें. तीच युक्ति बर्फ राखते आणि अंगही राखते.

थर्माकोल, कांचेच्या तंतूंची ग्लासवूल, या बाजारांतल्या वस्तु म्हणजे कोंडलेल्या हवेचे निरनिराळे वेष होत. इंचभर थर्माकोल वहनाला जितका अडथळा करतो, तितका करावयास सुमारें तीन फूट जाडीचें काँक्रीट लागेल. वजन पाहिलें तर, मघांच्याच १२० चौरस फुटांच्या खोलीवर दोन इंच जाडीचा थर्माकोल घातला, तर तो भरतो दहा किलोंच्या आंतबाहेर. पांच टनांचें काम दहा किलो करूं शकतात! सर्वच काम करतात असें मात्र नाहीं. माती दिवसाची उष्णता पोटांत सांठवून ठेवीत असे. थर्माकोल ती नुसती अडवितो. तेव्हां रात्रीं खिडक्या उघडून घर निवूं द्यावें लागतें, हें विसरूं नये.

इतकें ज्ञान मिळवून मी कामाला लागलों, आणि माझी फजिती झाली. पत्र्याला थर्माकोलचे तक्ते खालून चिकटवावे, कीं झालें, असा माझा समज. मीं चामडें आणि प्लायवूड चिकटविण्याचें पिवळें सोल्युशन आणलें, तक्त्याला फांसलें, आणि डोळ्यांदेखत तक्ता साखरेच्या पाकांत पडलेल्या बत्ताशासारखा विरघळूं लागला. अशा सोल्युशनांतील द्रव थर्माकोलला खाऊन टाकतो, हें मला ठाऊक नव्हतें. मग पांढरा गोंद वापरून मीं सर्व तक्ते थेट पत्र्याला चिकटविले. हिंवाळाभर ते राहिले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत पत्र्याच्या तापानें एकेक तक्ता वांकडा होऊन खालीं येऊं लागला. एक तर आईच्या ताटांत पडला.

अखेर माझा एक जुना विद्यार्थी, जो आतां सुतारकाम करतो, तो पाहावयास आला. वर पाहून तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग अदबीनें म्हणाला, "गुरुजी, गरम हवा वर जाते हें तुम्हींच शिकवलंत. मग तिला जायला वाट कुठं ठेवलीत?" पन्नास वर्षांपूर्वींच्या माळवदालाही वर भोंक होतें, माझ्या खोलीला नव्हतें. त्या दिवसापासून तो गुरु झाला आणि मी शिष्य. जें त्याच्याकडून शिकलों, तें आतां क्रमानें सांगतों.

पहिलें काम पत्र्याच्या खालीं नव्हे, वर. आंत शिरलेलें ऊन अडविण्यापेक्षां बाहेरचें बाहेर परतविणें केव्हांही स्वस्त. ताजा पांढरा रंग उन्हाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग परत पाठवितो. पत्र्यावर नुसता चुना टिकत नाहीं, पोपडे धरतो. म्हणून पत्र्यासाठीं बाहेरून लावण्याचा पांढरा रंग घ्यावा. सिमेंटच्या गच्चीवर मात्र चुना उत्तम. तो भिजवून, गाळून, थोडा डिंक घालून दोन हात द्यावे. डोळ्यांत उडूं देऊं नये. धूळ बसली कीं गुण कमी होतो, म्हणून दरसाल होळीच्या सुमारास पुन्हां एक हात द्यावा. अहमदाबादेस २०१० सालच्या मे महिन्यांत भयंकर उष्म्यानें पुष्कळ माणसें दगावलीं. त्यानंतर तेथील महानगरपालिकेनें २०१३ सालीं उष्म्याशीं झुंजण्याची योजना आंखली, आणि पुढें गरिबांच्या वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें कामही हातीं घेतलें. चुन्याच्या बादलीला कमी लेखूं नये, इतकेंच यावरून घ्यावें.

दुसरें काम हवेची वाट. पत्रा आणि अस्तर यांच्यामध्यें निदान तीन-चार इंचांची पोकळी ठेवावी, आणि समोरासमोरच्या भिंतींत अगदीं वरच्या अंगाला झरोके ठेवावे. त्यांना बारीक लोखंडी जाळी बसवावी. नाहीं तर पोकळींत उंदीर संसार मांडतात. पाटण-महाबळेश्वराच्या बाजूला तर ही पोकळी उन्हाइतकीच पावसासाठीं हवी. तेथें पत्र्याला आंतून घाम फुटतो, आणि वाट न ठेवितां बंद केलेलें अस्तर बुरशीनें काळें पडतें.

तिसरें काम अस्तर. सांगाड्याला बोल्टांनीं अथवा तारेनें घट्ट बांधून लांकडी रिपा बसवाव्या. वरच्या रिपांखालीं चकचकीत वर्खाची चादर ताणावी; दुकानांत तिला बबल शीट म्हणतात. हिच्या चकाकीमुळें प्रारणाचा शेक अडतो. पण तो केव्हां? तिच्या अंगाला मोकळी हवा असेल तेव्हां. ती पत्र्याला टेकली, तर तापलेल्या पत्र्याची उष्णता वहनानें सरळ तिच्यांत उतरते आणि चकाकी फुकट जाते. तिच्याखालीं इंच-दोन इंच जागा सोडून थर्माकोलचे तक्ते रिपांमध्यें अडकवून बसवावे, चिकटवूं नयेत. सांध्यांवर पट्टी लावावी. आणि सर्वांच्या खालीं जिप्समचा अथवा सिमेंटचा बोर्ड स्क्रूनें घट्ट करावा. बोर्ड व रिपा धरूनही या अस्तराचें ओझें आमच्या खोलीला दीडशें किलोंच्या आंत बसलें. तरीही आपला सांगाडा तें पेलील कीं नाहीं, हें जाणत्याला दाखवूनच हात घालावा.

खालचा बोर्ड शोभेसाठीं नाहीं. थर्माकोल उघडा ठेवणें म्हणजे घरांत काडेपेटी उघडी ठेवणें होय. तो पेटतो, वितळून गळतो, आणि त्याचा काळा धूर विषारी असतो. विकत घेतांना ज्वालारोधक जात मागून घ्यावी, आणि चुलीच्या वर तो मुळींच लावूं नये. ग्लासवूल जळत नाहीं. परंतु तिचे तंतु अंगांत शिरून खाज सुटते. ती हाताळतांना लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा आणि नाकातोंडावर फडकें हवेंच, आणि तीही उघडी सोडूं नये. दिव्यांच्या व पंख्याच्या तारा अस्तराच्या पोकळींत मोकळ्या टाकूं नयेत; नळींतून न्याव्या, आणि तें काम वायरमनकडून करवून घ्यावें.

आणखी एक इशारा. पुष्कळ जुन्या घरांवर सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांत ॲसबेस्टॉस असतो. त्यांना भोंक पाडूं नये, करवत लावूं नये, घांसूं नये. त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन वर्षांनुवर्षांनीं जीव घेते. त्यांवर पायही देऊं नये, कारण ते एकाएकीं फुटतात आणि माणूस खालीं येतो. अशा छपराला न दुखवितां, भिंतींच्या आधारानें खालून स्वतंत्र अस्तर टांगावें.

ज्यांच्या डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आहे, त्यांनीं अस्तर शक्य तों वरून घालावें. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर तें खोलींत ओकतो. म्हणून त्याला प्यावयासच देऊं नये. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविण्याची रीत, किंवा पालथीं मडकीं मांडून वर चुना-मातीचा थर देण्याची जुनी रीत, याच तत्त्वावर उभी आहे. फक्त हेंही ओझेंच आहे, हें ध्यानांत ठेवून आधीं जाणत्याला विचारावें.

आतां कोणी म्हणेल, मास्तर, बोर्ड आणि वर्ख आणावयास पैसा कोठून आणावा? त्यांना मी द्राक्षबागांकडे आणि कोंबड्यांच्या शेडांकडे बोट दाखवितों. भाजीपाल्यावर घालतात तें हिरवें शेडनेट पत्र्यापासून हातभर उंच ताणलें, तरी अर्धें काम होतें. दारापुढें दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल लावून तो छपरावर चढविला, तर त्याहून स्वस्त सांवली नाहीं. आमच्याकडे कोंबड्या पाळणारे शेतकरी उन्हाळा लागतांच शेडच्या पत्र्यावर उंसाचें पाचट पसरतात आणि त्यावर पाणी मारतात. घरावर वाळकें पाचट घालण्याचा सल्ला मी देणार नाहीं, ठिणगीचें भय असतें. पण एक प्रश्न विचारल्यावांचून राहवत नाहीं. कोंबडी मेली तर किती नुकसान होईल, याचा हिशेब आपण मार्चांतच करून ठेवितों. घरांतली म्हातारी दुपारभर गप्प पडून असते, ती उन्हानें कीं वयानें, हा हिशेब किती घरांत होतो?

आमच्या खोलीचें काम दिवाळीनंतर सुरू केलें आणि संक्रांतीच्या आधीं संपविलें. हीच वेळ योग्य. पाऊस संपल्यामुळें कोठें गळतें तें आठवणींत ताजें असतें, आणि तें आधीं बुजविल्याशिवाय अस्तर लावणें म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणें होय. शिवाय थंडींत सकाळच्या वेळीं पत्र्याजवळ काम करतां येतें; मे महिन्यांत तें करूं पाहणारा स्वतःच भोंवळ येऊन शिडीवरून पडेल. शिडी धरावयास दुसरा माणूस मात्र नेहमीं हवा.

त्यानंतरच्या एप्रिलांत, भर दुपारीं, मीं भिंतीवरचा उष्णतामापक पाहिला. पूर्वींपेक्षां पारा चार अंश खालीं होता. आंकडा फार मोठा नाहीं. परंतु डोक्यावरचा शेक गेला होता, आणि तो पाऱ्यांत पुरता दिसत नाहीं. आई दुपारची झोंपूं लागली, ही माझी खरी मोजणी.

तिची एक तक्रार मात्र राहिली. पावसाळा लागला तेव्हां ती म्हणाली, "आतां पत्र्यावर पाऊस वाजत नाहीं. नदी चढली तर मला कळायचं कसं?" अस्तरानें उन्हाबरोबर आवाजही अडविला होता, याचा विचार मीं केला नव्हता. तेव्हांपासून पावसाळ्याच्या रात्रीं मी तिच्या उशाकडची खिडकी बोटभर उघडी ठेवितों, आणि पुलावरची पातळी किती आहे, तें झोंपण्यापूर्वीं तिला सांगतों.

श्रोतेहो, उन्हाळा दरसाल सांगून येतो. पुरासारखा तो रात्रींतून दारांत उभा राहत नाहीं. तेव्हां येत्या दिवाळीनंतर एका दुपारीं आपल्या घरांतील सर्वांत वरच्या खोलींत, जेथें बहुधा म्हातारें माणूस किंवा अभ्यास करणारें मूल असतें, तेथें जाऊन नुसते तासभर बसा आणि छताकडे हात करा. पुढें काय करावयाचें, तें तो हातच आपणांस सांगेल.